पंचविशीतल्या स्वतःला पत्र कसं लिहाल? दहावी-अकरावीच्या मुलामुलींसाठी

दहावीचं वर्ष सुरू झालं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘मग पुढे काय करायचं ठरवलंय?’ काहीतरी सांगावं लागतं म्हणून मुलं सांगून मोकळी होतात. इंजिनिअर, डॉक्टर, कलेक्टर, पोलीस, शिक्षक. एकदा दिलेलं उत्तर मग चिकटतं. आई ते मावशीला सांगते, मावशी आणखी चार जणांना सांगते, आणि दोन वर्षांनी आपण तसं का म्हणालो होतो हे त्या मुलालाही आठवत नाही.

ते ‘का’ जपून राहावं म्हणून मी नववी-दहावीच्या मुलांकडून एक पत्र लिहून घेतो. पत्र स्वतःलाच, पण पुढच्या वयातल्या स्वतःला. त्याला गुण नसतात, ते वर्गात वाचलं जात नाही, आणि कुणी आपणहून दाखवलं तरच मी बघतो. बरीच वर्षं हे करताना जी पद्धत बसत गेली, ती इथे पायरीपायरीने मांडतो. मनापासून करायचं तर याला साधारण दोन आठवडे लागतात. लिहिण्याचं काम दोन संध्याकाळींचं आहे, बाकीचा वेळ माणसांना भेटण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाला आपण पुढे किती बदलणार आहोत याचा अंदाज येत नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं की मागच्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, आवडीनिवडी, मूल्यं किती बदलली किंवा पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील. सगळ्या वयांच्या लोकांनी मागचा बदल जास्त सांगितला आणि पुढचा कमी. पन्नाशीच्या माणसांची ही गत, तर पंधराव्या वर्षी ‘माझं पक्कं ठरलंय’ असं वाटणं साहजिक आहे. पंचविशीतला माणूस तुमच्याहून बराच वेगळा असणार हे धरूनच हे पत्र लिहायचं.

पहिली पायरी: वेळ, वही आणि वय ठरवा

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे बोर्डाची परीक्षा संपल्यानंतरची आणि निकाल लागण्याआधीची. निकालानंतर लिहू नका. टक्के हातात आले की स्वप्न टक्क्यांच्या मापाने कापलं जातं. ९२ टक्के पडले म्हणून सायन्स, ६१ पडले म्हणून आर्ट्स. हे आवडीचं उत्तर नाही. नववीत किंवा अकरावीत असाल तर मे महिन्याची सुट्टी धरा.

दोन पत्रं लिहा. एक अठरा वर्षांच्या स्वतःला, म्हणजे बारावीनंतर उघडायचं. दुसरं पंचवीस वर्षांच्या स्वतःला. चाळिशीचं पत्र लिहू नका, तिथवर पंधराव्या वर्षी नजर पोहोचत नाही आणि मग नुसती मोठमोठी वाक्यं येतात.

हाताने लिहा, फुलस्केप कागदावर. आणि घरी जसं बोलता तसंच लिहा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जे तोंडात असेल ते. निबंधाच्या भाषेत लिहायला बसलं की मुलं निबंधातल्यासारखंच खोटं लिहू लागतात. ‘समाजाची सेवा करणे हे माझे ध्येय आहे’ हे वाक्य मी असंख्य वेळा वाचलंय, आणि त्यातून लिहिणाऱ्या मुलाबद्दल मला कधीच काही कळलेलं नाही.

दुसरी पायरी: पदाचं नाव शेवटी, आधी प्रसंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

‘पिसा’ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१८ च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं की तिशीत तुम्ही कोणतं काम करत असाल. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा त्यावरचा अहवाल २०२० मध्ये आला. ४१ देशांतल्या ४७ टक्के मुलांनी आणि ५३ टक्के मुलींनी फक्त दहा लोकप्रिय व्यवसायांपैकीच एखादा सांगितला होता. त्या फेरीत भारत नव्हता, पण माझ्या वर्गात मला तेच दिसतं. मुलांना स्वप्नं कमी पडतात असं नाही. त्यांना कामांची नावंच कमी माहीत असतात. म्हणून पदाच्या नावापासून सुरुवात केली की आपण त्याच दहा नावांत अडकतो.

त्याऐवजी गेल्या दोन वर्षांतले असे चार-पाच प्रसंग लिहून काढा, ज्यांत तुम्ही कुणी न सांगता एखाद्या कामात गुंतलात. वेळ कसा गेला कळलं नाही, किंवा कंटाळवाणं असूनही ते सोडून द्यावंसं वाटलं नाही. शाळेतलेच हवेत असं नाही. गणपतीच्या मंडळाचा हिशेब, आजीची औषधं वेळेवर देणं, बंद पडलेली मोटार खोलणं, धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवणं, काहीही चालेल. प्रत्येक प्रसंगात तुमचे हात नेमकं काय करत होते ते लिहा.

एका मुलीने मला तिचा कागद दाखवला होता. वर लिहिलं होतं, ‘मला डॉक्टर व्हायचंय.’ खाली प्रसंगांच्या जागी एक रात्र होती. घरची गाय व्यायला झाली होती आणि वासरू अडलं होतं. तालुक्याहून डॉक्टर मोटारसायकलवर आले, तोवर अकरा वाजून गेले होते. गोठ्यात लाईट नव्हती म्हणून बॅटरी हिच्या हातात दिली. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, हात आत घातला आणि डोळे मिटले. तिने लिहिलं होतं, ‘ते डोळे मिटून बघत होते.’ वासराचा एक पाय मागे दुमडला होता. तो सरळ करून, दोरी लावून, कळ येईल तेव्हाच ओढायचं, मधे थांबायचं, असं बराच वेळ चाललं. वासरू बाहेर आल्यावर त्याच्या नाकातोंडातला चिकटा तिने गोणपाटाने पुसला. आई दोनदा ‘जा, झोप’ म्हणाली, पण ही हलली नाही.

तिला मी एवढंच विचारलं, ‘यात माणसांचा दवाखाना कुठे आहे?’ पशुवैद्यकाचं शिक्षण वेगळं असतं, ते साडेपाच वर्षांचं असतं, त्यालाही ‘नीट’ ही वैद्यकीयचीच प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि आपल्याकडे मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे त्याची महाविद्यालयं आहेत, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. घरात ‘डॉक्टर’ या नावाखाली फक्त एमबीबीएस मोडत होतं. ती पुढे काय करेल हा तिचा प्रश्न, पण तिच्या पत्रात आता ती रात्र आहे. अठराव्या वर्षी नीटचे गुण हातात आले की ती ते वाचेल, आणि आपल्याला डॉक्टर ही पदवी हवी होती की ते काम हवं होतं, हे तिला ठरवता येईल.

प्रसंग लिहून झाले की प्रत्येकाखाली एका ओळीत उत्तर द्या: यात मला काय आवडलं? माणसं, प्राणी, यंत्रं, आकडे, शब्द, चित्रं, की लोक माझं ऐकत होते ते? जे दोन-तीनदा आलं त्याखाली रेघ ओढा. व्यवसायाचं नाव आता लिहा, एक नाही, निदान तीन.

तिसरी पायरी: ते काम करणाऱ्या तीन माणसांना भेटा

यूट्यूबवरच्या टॉपरांच्या मुलाखतींवर थांबू नका. तिथे निवड झालेली माणसं दिसतात, रोजचं काम दिसत नाही. तुमच्या तीन नावांपैकी प्रत्येकाचं काम करणारं निदान एक माणूस गाठा. तालुक्याच्या ठिकाणी हे वाटतं त्याहून सोपं असतं. तहसील कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, कृषी विज्ञान केंद्र, आयटीआय, बँकेची शाखा, कोर्टाबाहेर बसणारे वकील, एमआयडीसीतला कारखाना. वर्गशिक्षकांचं पत्र सोबत नेलं तर बहुतेक जण दहा मिनिटं देतातच.

‘तुमचं काम कसं आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगलं आहे, भरपूर मेहनत करा’ एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा: काल सकाळी आल्यापासून जाईपर्यंत काय काय केलंत? यातला कोणता भाग तुम्हाला अजिबात आवडत नाही? पहिला पगार कितव्या वर्षी हातात आला? तुमच्यासोबत सुरुवात करणारे, पण इथवर न पोहोचलेले मित्र आता काय करतात? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघा, घाई करू नका. त्यातून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

कलेक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांनी निदान तलाठ्यांना किंवा नायब तहसीलदारांना भेटावंच. लाल दिव्याची गाडी २०१७ मध्येच बंद झाली. मागे उरतात त्या जमिनीच्या नोंदी, पंचनामे, निवडणुका, टंचाई आणि दिवसभर तक्रारी घेऊन येणारी माणसं. हे ऐकून ज्याचे डोळे चमकतात, त्याने खुशाल त्या वाटेला जावं.

चौथी पायरी: वाट उलटी मोजा

आता पंचविशीपासून मागे या. ज्या जागी पोहोचायचं तिथून एकेक पायरी खाली उतरत आजच्या तारखेपर्यंत यायचं आणि प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी लिहायच्या: तेव्हा माझं वय किती, कोणती परीक्षा, आणि हे दार कधी बंद होतं. काही वाटांची उदाहरणं देतो.

वैद्यकीय: नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडी किंवा एमएस तीन वर्षं. म्हणजे एकही वर्ष वाया न जाता, अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला तरी तज्ज्ञ डॉक्टर व्हायला सव्वीस-सत्तावीस उजाडतात. पंचविशीतल्या स्वतःला ‘आतापर्यंत तुझा स्वतःचा दवाखाना असेल’ असं लिहिलंत, तर त्या बिचाऱ्या निवासी डॉक्टरला ते वाचून उगाच अपराधी वाटेल.

अभियांत्रिकी: बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची किंवा जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, हा एक रस्ता. आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षांत, दोनदाच देता येते. दुसरा रस्ता दहावीनंतर लगेच फुटतो: तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, ज्याला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला अकरावी-बारावीच्या क्लासच्या चक्रात ढकलण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी चांगला वाटतो. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही वाट फार कमी घरांत माहीत असते.

संरक्षण दल: खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही हे दार उघडलं आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. दहावीनंतर लगेच तयारी करायची तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, राज्य सरकारने १९७७ मध्ये मुलांसाठी काढलेली. मुलींसाठी तशी संस्था आता नाशिकला आहे.

सीए: बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम) आणि फायनल. गुणपत्रिकेपेक्षा चिकाटी जास्त लागते, म्हणून इथे अंदाजापेक्षा दोन वर्षं जास्त धरा.

चित्रकला: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा शाळेत असतानाच द्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे १८५७ पासून चालत आलेलं मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, आणि राज्यात इतरही कला महाविद्यालयं आहेत. ‘चित्रकलेत काय ठेवलंय’ म्हणणाऱ्यांना सांगा की मोबाइलच्या पडद्यावरचं प्रत्येक बटण कुणीतरी काढलेलं असतं.

तुमची वाट यात नसेल तरी रीत तीच. फक्त एक करा: वय, पात्रता आणि तारीख या तीन गोष्टी त्या-त्या परीक्षेच्या चालू वर्षाच्या अधिकृत सूचनेतूनच उतरवून घ्या. नियम बदलतात, आणि क्लासच्या जाहिरातीत मागच्या वर्षीचे असू शकतात.

शेवटी सगळ्या वर्षांची बेरीज करा आणि तीत एक-दोन वर्षं मोकळी सोडा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात लागले ५५. हे त्यांच्या समोर असलेल्या, हातात घेतलेल्या कामाबद्दल होतं. दहा वर्षांच्या वाटेबद्दलचा आपला अंदाज किती चुकेल ते तुम्हीच बघा.

पाचवी पायरी: पैसा आणि कागदपत्रं

हा भाग मुलं टाळतात आणि पालक दडवतात. दोघांनी समोरासमोर बसून एका संध्याकाळी बोलून घ्यावं. फी, वसतिगृह, खानावळ, प्रवास, क्लास, पुस्तकं, प्रत्येकाचा वर्षाचा आकडा लिहायचा आणि समोर लिहायचं की तो कुठून येणार. कर्ज काढावं लागणार असेल तर तसं स्पष्ट लिहा. पंचविशीतल्या तुम्हाला ‘आईबाबांनी शेत गहाण ठेवलं होतं’ हे अचानक कळण्यापेक्षा आज माहीत असलेलं बरं. त्यातून वाट बदलेलच असं नाही, कधी कधी कमी फीचं शासकीय महाविद्यालय नीट शोधलं जातं एवढंच.

शिष्यवृत्त्या राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर बघा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) घेतलेला हवा. वसतिगृह मिळालं नाही तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार अशा योजना आहेत. तुमच्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

कागदपत्रांची यादी पत्राच्या मागच्या बाजूला लिहा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जात वैधता प्रमाणपत्र. त्याचा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करून टाका. बारावीच्या निकालानंतर पडताळणी समितीच्या दारात रांग लागते आणि चांगले गुण असलेली मुलं केवळ कागदासाठी अडकतात. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला गावाला जावं लागतं, त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, त्यात महिने निघून जातात. आजपासून शोधायला घ्या.

सहावी पायरी: थांबायची रेघ आजच ओढा

सगळं पत्र एका ओळीपुरतंच लिहायचं ठरलं, तर मी ही ओळ निवडेन.

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमध्ये हजारो मुलंमुली स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात, ओबीसींना ३५ पर्यंत नऊ. एमपीएससीची वयोमर्यादा याहूनही पुढे जाते. नियमाने दार उघडं असतं म्हणून माणूस आत थांबून राहतो. प्रत्येक वर्षी ‘यंदा थोडक्यात हुकलं’ असतं, घरी तोंड दाखवायची लाज असते, आणि आजवर घातलेली वर्षं फुकट जातील ही भीती असते. त्या वयात, त्या खोलीत बसून थांबायचा निर्णय घेणं फार अवघड जातं. पंधरा-सोळाव्या वर्षी तो शांतपणे घेता येतो, कारण अजून काहीच पणाला लागलेलं नसतं.

म्हणून लिहा: ‘मी ही परीक्षा इतक्या वेळा देईन. अमुक वयापर्यंत पूर्वपरीक्षासुद्धा पार झाली नाही तर मी दुसऱ्या वाटेला लागेन, आणि ती वाट अमुक असेल.’ दुसरी वाट नावासकट लिहायची, ‘काहीतरी बघू’ चालणार नाही. तिची निदान एक पायरी पहिल्या वाटेसोबतच चढलेली असावी. यूपीएससीची तयारी करणाऱ्याने पदवी अशी घ्यावी की तिच्यावर नोकरी लागेल, नीटचं दुसरं वर्ष घेणाऱ्याने बीएस्सी किंवा कृषीचा प्रवेश हातचा सोडू नये. हेच नीटला, जेईईला, क्रिकेटच्या अकादमीला, अभिनयाला लागू आहे.

याच्या खाली आणखी एक वाक्य मी मुलांना आवर्जून लिहायला सांगतो: ‘तू थांबलास (किंवा थांबलीस) तर मला वाईट वाटणार नाही.’ हे वाक्य दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी म्हटलं तर समजूत काढल्यासारखं वाटेल. स्वतःच्याच पंधराव्या वर्षातल्या अक्षरात ते वेगळं लागतं.

सातवी पायरी: आता पत्र

कच्चा माल जमला. आता एका बैठकीत लिहून काढा, दोन-तीन पानं पुरे. क्रम तुमचा. पण आज तुम्ही कोण आहात याचे बारीक तपशील नक्की घाला: बाकावर शेजारी कोण बसतं, खिशात किती पैसे असतात, कोणत्या विषयाच्या तासाला पोटात गोळा येतो, घरात काय चालू आहे. मग ते प्रसंग, ती तीन नावं, उलटी मोजलेली वाट, आणि थांबायची रेघ.

सल्ला देताना हुकूम सोडू नका. ‘तू यशस्वी हो’, ‘कधीही हार मानू नकोस’ या वाक्यांचा पंचविशीतल्या माणसाला काही उपयोग नाही. ज्यावर त्याला हो किंवा नाही म्हणता येईल असं लिहा. नमुन्यादाखल, मला एका मुलाने वापरू दिलेल्या काही ओळी, थोड्या बदलून:

‘पंचवीसच्या मला, तू अजून रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतोस का? मी बघतो आणि सकाळी चिडचिड होते. तू तरी सोड. पप्पांशी मी सध्या बोलत नाही, क्लासच्या फीवरून भांडण झालंय. तुझं बोलणं चालू असेल तर त्यांना विचार की फी भरायला त्यांनी काय विकलं होतं, कारण मला कुणी सांगत नाही. तू वेल्डिंगच्या शॉपमध्ये असलास तर मला भारी वाटेल. ऑफिसात असलास तरी चालेल, पण मग रविवारी हाताने काहीतरी बनव. गणितात मी ढ आहे असं सर म्हणतात. त्रिकोणमिती मला येते, बीजगणित येत नाही, एवढंच खरं आहे, ते लक्षात ठेव.’

शेवटी त्याला तीन-चार प्रश्न विचारा आणि उत्तरांसाठी खाली जागा सोडा. सही, तारीख, गाव.

लिहिताना एखाद्याला पुढचं काही दिसतच नाही, जगावंसंच वाटत नाही असं मनात आलं, तर कागद बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आठवी पायरी: ठेवायचं कुठे, उघडायचं कधी

मुलं सांगतात, ‘कपाटात ठेवलं होतं, घर बदलताना गेलं.’ त्यामुळे पाकीट चिकटवून शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कलिस्ट असलेल्या फाइलमध्येच ठेवा. ती फाइल घरातलं कुणी हरवू देत नाही, आणि प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ती हातात येतेच. वर मोठ्या अक्षरात उघडायची तारीख घाला. पानांचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. जीमेलमध्ये मेल पुढच्या तारखेला पाठवायची सोय आहे, ती वापरलीत तर आठवण आपोआप येईल.

पालकांना कळकळीची विनंती: पाकीट उघडू नका. मुलाने आपणहून वाचायला दिलं, तरी पुढे वादात ‘तूच लिहिलं होतंस ना इंजिनिअर होणार म्हणून?’ असं कधीही म्हणू नका. तसं एकदा जरी झालं, तरी ते मूल पुन्हा खरं लिहिणार नाही, आणि घरात खरं बोलणंही कमी करेल.

अठराव्या वर्षीचं पत्र बारावीच्या निकालादिवशी उघडू नका. त्या दिवशी घरात पेढे तरी असतात किंवा शांतता तरी, आणि दोन्हींत नीट वाचता येत नाही. आठवडाभर जाऊ द्या. पण ऑनलाइन फेरीत पसंतीक्रम भरण्याआधी मात्र वाचायलाच हवं, कारण शेजाऱ्याच्या मुलाने काय भरलं ते बघून पसंतीक्रम भरणारी घरं फार आहेत.

वाचताना वेगळ्या रंगाचं पेन घ्या. जुनं काही खोडू नका. समासात लिहा: हे अजून खरं, हे बदललं, हे तेव्हाही खरं नव्हतं. बदललेल्या गोष्टीपुढे कारण लिहा. नवीन काही कळलं म्हणून बदललं असेल तर ठीक. दमलो, घाबरलो किंवा मित्र दुसरीकडे गेला म्हणून बदललं असेल, तर पसंतीक्रम भरायच्या आधी तिसऱ्या पायरीवर परत जा आणि आणखी एका माणसाला भेटा. मग पंचविशीचं पाकीट न उघडता पुन्हा फाइलमध्ये ठेवा, आणि त्याला आज बदललेल्या गोष्टींचं एक पान टाचणीने जोडा, तारखेसकट.